बटणांच्या डब्यातले नंबर

बोहारणीशी घासाघीस करण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी फार दिवसांची समजूत होती. तीन जुन्या साड्या आणि ह्यांची एक पँट देऊन झाकणासकट पातेलं मिळवलेली बाई मी! बचत गटाच्या बायकांना बाजारभाव शिकवायला तालुकाभर हिंडते. पण याच बाईनं २०२३ साली अमेरिकेत एका आजींचं नुकसान केलं. तेही कसं? तर हातात घासणी घेऊन. ती गोष्ट पुढं येईलच.

माझी धाकटी बहीण लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोना नावाच्या गावाजवळ राहते. तिचं ऑपरेशन झालं म्हणून ऑगस्टपासून तीन महिने मी तिच्याकडे होते. शेजारच्या घरात एक्क्याऐंशी वर्षांच्या एक आजी एकट्याच राहतात. माझी भाची त्यांना ग्रॅनी म्हणते, म्हणून मीही मनातल्या मनात आजी म्हणू लागले. आदल्या हिवाळ्यात त्यांचे यजमान गेले. माझं इंग्रजी बी.ए.च्या पेपरपुरतं, तेही मराठी साहित्य घेऊन! पण दोन बायकांना गप्पा मारायला व्याकरण लागत नाही. मी थालीपीठ घेऊन जायचे, त्या लिंबं द्यायच्या.

एक दिवस त्या म्हणाल्या, "उद्या गॅरेज रिकामं होणार. पुतण्यानं एक माणूस आणलाय. सगळं मिळून तीन हजार डॉलर देतोय."

"काय आहे आत?"

"लोखंड," आजी म्हणाल्या. "त्यांच्या तरुणपणातलं शर्यतीचं लोखंड. मला त्यातलं काही कळत नाही."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण मी २००४ साल बघितलेलं आहे. बाबा गेले, त्यानंतर महिन्याभरातच त्यांच्या गॅरेजसमोर भंगारवाल्याचा टेम्पो लागला. बाबा स्कूटर-मोटारसायकलचे मिस्त्री. तीस वर्षांचा संसार त्या पत्र्याच्या शेडमध्ये. भावाला जागा भाड्यानं द्यायची घाई होती. भंगारवाल्यानं काटा लावला. लोखंड वेगळं, पितळ वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. दुपारपर्यंत सगळं संपलं. नऊ हजार दोनशे रुपये आले. आई आत भाकरी थापत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मी तिथंच उभी होते, मीही विचारलं नाही.

म्हणून मी आजींना म्हटलं, "उद्याचा ट्रक पुढं ढकला. मला आधी बघू द्या."

बहीण घरी आल्यावर कपाळाला हात लावून म्हणाली, "ताई, तुला इथलं काय कळणार आहे? ड्रॅग रेसिंगचे पार्ट आहेत ते!"

खरंच कळत नव्हतं. मग समजून घेतलं. ड्रॅग रेसिंग म्हणजे गोल गोल फिरण्याची शर्यत नव्हे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत पाव मैल पळवायच्या, म्हणजे १,३२० फूट, साधारण चारशे मीटर. आमच्या गावात एसटी स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत तेवढं अंतर भरेल. मला चालत पाच मिनिटं लागतात. साठच्या दशकाच्या शेवटी यातल्या सर्वांत वेगवान गाड्या तेवढं अंतर सात सेकंदांच्या आसपास कापत. १९६४ मध्येच ताशी २०० मैलांचा, म्हणजे ३२० किलोमीटरच्या वरचा वेग नोंदला गेला होता. एवढ्या वेगातली गाडी नुसत्या ब्रेकनं कशी थांबणार? मागून पॅराशूट सोडावं लागे.

दक्षिण कॅलिफोर्निया हे या खेळाचं माहेर. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली पोरं जुन्या गाड्यांची इंजिनं उचकटून रस्त्यावर शर्यती लावू लागली, माणसं मरू लागली. मग विमानांच्या धावपट्ट्या वापरायची कल्पना निघाली. १९५० मध्ये सांता आना इथं पैसे घेऊन शर्यती सुरू झाल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना काढली. आणि एक गंमत सांगते. लॉंग बीचजवळच्या विल्मिंग्टनला १९५५ मध्ये जी पट्टी सुरू झाली तिचं नाव लायन्स ड्रॅग स्ट्रिप. लायन्स म्हणजे आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरं घेणारे तेच लायन्स क्लब! पोरांनी रस्त्यावर जीव देऊ नये म्हणून तिथल्या क्लबांनी पुढाकार घेऊन ती पट्टी उभी केली. १९७२ च्या डिसेंबरात ती बंद पडली. आजींचे यजमान तिथंच गाडी पळवायचे. आठवडाभर विमानाच्या कारखान्यात टर्नर, शनिवारी रात्री लायन्सला.

गॅरेजचं शटर वर गेलं आणि मला बाबांच्या शेडचा वास आला. तेल, रबर, जुना कागद. वास सगळीकडे सारखाच असतो, हे मला तिथं कळलं. मधोमध इंजिनाचा ओतीव ठोकळा, भिंतीला मोठाले पंप, करड्या रंगाची चार चाकं गोधडीखाली झाकलेली, एक पिंपासारखी छोटी चकचकीत टाकी, चंदेरी कापडाचा अंगरखा आणि फळीवर असंख्य खोकी.

आता माझी चूक. ती टाकी काळवंडली होती. बसल्या बसल्या काहीतरी मदत करावी म्हणून मी घरून भांड्यांची घासणी आणि साबण आणला. आपली सवयच ना ती, तांब्याचा तांब्या दिसला की चिंच शोधायची! टाकी घासली, अर्धी बाजू आरशासारखी झाली. त्याबरोबर तिच्यावर हातानं रंगवलेल्या नंबरातले दोन आकडेही नाहीसे झाले. मला ते डाग वाटले होते.

संध्याकाळी आजींच्या यजमानांचे एक जुने मित्र आले. काठी टेकत चालणारे, कारखान्यातले सोबती. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांनी टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फार सभ्यपणे विचारलं, "हे कुणी केलं?" मैत्रिणींनो, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ती डीन मून यांच्या कारखान्यातली ॲल्युमिनियमची टाकी होती, शर्यतीच्या गाडीच्या नाकावर बसवायची. तशा टाक्या पुष्कळ निघाल्या. पण त्या रात्रीच्या, त्या गाडीच्या, त्या रंगाऱ्याच्या हातचा नंबर असलेली ही एकच होती. चकाकी कुणालाही आणता येते. साठ वर्षांचा रंग परत आणता येत नाही. घेणाऱ्याला त्या रंगाचेच पैसे द्यायचे असतात. यानंतर गॅरेजमधल्या कुठल्याही वस्तूला फडक्यापलीकडे काही लावायचं नाही, असा हुकूम निघाला. तो मुख्यतः माझ्यासाठी होता!

काकांनी पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. "मी किंमत सांगेन, पण यातलं काहीही विकत घेणार नाही. जो किंमत सांगतो त्यानंच विकत घ्यायचं, हा व्यवहार नव्हे." मला एकदम आपले दागिने आठवले. ज्या सोनाराला डाग विकायचा त्यालाच आपण विचारतो, "काय बसेल हो याचं?" तो घट धरतो, खडे काढून ठेवतो आणि आपण मान डोलावतो. त्या तीन हजारवाल्यानंही तेच केलं होतं. वस्तू बघणारा तो, भाव सांगणारा तो आणि ट्रक आणणाराही तोच.

मग सुरू झाली मोजदाद. काका बोलायचे, मी फुलस्केप वहीत लिहायची. काय लिहायचं? आधी, वस्तू कुणाची, कुठल्या वर्षाची. ओतीव लोखंडावर नंबर असतात, ते ओतकामाच्या वेळीच उमटलेले. बॅटरी तिरकी धरली की दिसतात. इंजिनाचा ठोकळा क्रायसलर कंपनीचा निघाला, ज्याला तिथं ३९२ हेमी म्हणतात. ३९२ म्हणजे घन इंचांतला आकार. १९५७ आणि १९५८ च्या मोठ्या, ऐषारामी गाड्यांत ही इंजिनं असत. श्रीमंतांनी गाड्या मोडीत काढल्या की पोरं भंगारातून इंजिनं उचलायची.

सगळ्यांत दणकट दिसणारी वस्तू म्हणजे इंजिनावर बसणारा ब्लोअर, हवा कोंबणारा पंप. पुतण्याला वाटत होतं, खरे पैसे यातच. काका हसले. म्हणाले, हा तर ट्रकचा! जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनावर हे पंप असायचे. सहा सिलिंडर, प्रत्येक ७१ घन इंचांचा, म्हणून नाव ६-७१. ट्रकमध्ये, बसमध्ये, महायुद्धात सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्यांमध्ये हीच इंजिनं होती. शर्यतवाल्यांनी तिथून पंप काढून आपल्या इंजिनावर चढवले. असे पंप भरपूर होते, शिवाय याच मापाचे नवेही निघतात. तेव्हा विकला जाईल, पण त्यानं दिवाळी होणार नाही. मला हे फार आवडलं. आपल्या घरातसुद्धा सगळ्यात मोठं कपाट सगळ्यात किमती असतंच असं नाही.

गोधडीखालची करडी, खरबरीत चाकं पुतण्यानं ॲल्युमिनियमच्या भावात धरली होती. काकांनी एक उचलून माझ्या हातात दिलं. एवढं मोठं चाक आणि हलकं कसं? त्यांनी आजींना स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणायला सांगितलं. चाकाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक थेंब टाकला. बुडबुडे आले, सोडा टाकल्यासारखे. "मॅग्नेशियम," काका म्हणाले. ॲल्युमिनियमवर व्हिनेगर असं फसफसत नाही. मध्यभागी हॅलिब्रँड हे नाव उमटलेलं होतं. टेड हॅलिब्रँड यांची मॅग्नेशियमची चाकं त्या काळच्या शर्यतीत नावाजलेली. मॅग्नेशियमला हवा-पाण्यानं कीड लागते, आणि पेट घेतला तर ते विझवणं महाकठीण, पाणी टाकलं तर जास्तच भडकतं. म्हणून चांगल्या अवस्थेतली जुनी चाकं कमी उरली. आजींच्या यजमानांनी ती गोधडीत का गुंडाळली होती, ते तेव्हा उमगलं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे.

फळीवर हिलबॉर्न कंपनीचा इंजेक्टर होता, इंजिनात इंधन फवारणारा. काकांनी तो उलटसुलट बघितला, खूश झाले आणि मग म्हणाले, "याच्या गोळ्या हव्या होत्या. पूर्ण संच असता तर गोष्ट वेगळी." गोळ्या म्हणजे औषधाच्या नव्हेत. पितळेची बारीक चकती, मधोमध भोक, आणि भोकाचं माप इंचाच्या हजाराव्या भागात वर कोरलेलं.

आजी काही न बोलता घरात गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. शिवणाचा! शर्टाची बटणं, हुक, टाचण्या आणि खाली एका पाकिटात त्या सगळ्या पितळी चकत्या. "कापडाला लावायला ठेवल्या असतील असं वाटून पुतण्यानं हा डबा कचऱ्यात टाकला होता," त्या म्हणाल्या. "मी परत काढला."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं या कशाच्या आहेत?"

"हो तर! मोठ्या भोकाची गोळी घातली की जास्त इंधन टाकीकडे परत जातं, म्हणून इंजिनाला कमी मिळतं. उलटा हिशेब असतो. हवा थंड आणि जड असली की लहान गोळी, उकाडा असला की मोठी. ते गाडीत बसलेले असायचे, मी हवामान लिहून त्यांना नंबर सांगायची."

काका काठीवर हनुवटी टेकून हसत होते. मी मात्र थक्क. ही ती बाई, जिला "त्यातलं काही कळत नाही"!

मग त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली. १९६३ पासूनच्या नोंदी. तारीख, कुठली पट्टी, हवा कशी, इंधनात नायट्रोमिथेन किती टक्के, कुठल्या नंबराची गोळी, किती सेकंद, किती वेग. सगळं आजींच्या गोलगोल अक्षरात. नायट्रोमिथेन हे भलतंच इंधन, आपला थोडा ऑक्सिजन स्वतःबरोबरच घेऊन येतं, त्यामुळे इंजिनात ते पेट्रोलच्या कितीतरी पट ओतता येतं. त्याच्या धुरानं प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पॅराशूटची घडीही आजीच घालायच्या. मला त्यांनी जमिनीवर पसरून दाखवली, दोऱ्या कशा मोकळ्या ठेवायच्या, कापड कसं नागमोडी दुमडायचं. पैठणीची घडी घालणारे हात मी ओळखते. हे हात तसलेच होते. फरक एवढाच की पैठणीची घडी चुकली तर माणूस मरत नाही.

शर्यतीत बायका गाडीही चालवायच्या का, असं मी विचारलं. आजींनी एक नाव घेतलं, शर्ली मल्डाउनी. या खेळातला सर्वांत वेगवान वर्ग टॉप फ्युएलचा. त्यात संघटनेचा परवाना मिळवणारी ती पहिली बाई, १९७३ मध्ये. पुढं १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा राष्ट्रीय विजेती. गाडी गुलाबी! तिच्यावर १९८३ मध्ये सिनेमाही निघाला. "पण प्रत्येक गाडीमागं एक वही लिहिणारी होती," आजी म्हणाल्या. "तिच्यावर सिनेमा निघत नाही."

या वहीनं भाव बदलला. कसा ते सांगते. या पार्टना आज गिऱ्हाईक कोण? जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे लोक. आज अशा जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात. काही ठिकाणी तर शर्यतही लावत नाहीत, नुसत्या गाड्या ओळीनं उभ्या करून इंजिनं चालू करतात. कानठळ्या बसवणारा तो आवाज आणि तो धूर अनुभवायला लोक तिकीट काढून जातात. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे, आणि ते नुसतं धुराचं नसतं. या गाड्यांना त्याच काळातले, अस्सल पार्ट हवे असतात. नवी नक्कल मिळते, पण तिला तो मान नाही. अस्सल कशावरून? नंबरावरून, ओतकामावरून आणि कागदावरून. आजींच्या वहीत तारीख होती, त्याच तारखेच्या फोटोत तोच इंजेक्टर, तीच चाकं आणि न घासलेल्या नंबरासकट तीच टाकी दिसत होती. तो फोटो बघून माझा जीव भांड्यात पडला. अर्थात टाकीची किंमत कमी झाली ती झालीच.

भाव ठरवायला बहिणीनं ईबेवर शोध घेतला. तिथं एकेका वस्तूला लोकांनी लावलेले आकडे बघून पुतण्याचे डोळेच फिरले. काकांनी त्याला जमिनीवर आणलं. मागितलेली किंमत म्हणजे नवस; बोलायला काय जातं! ज्या वस्तू प्रत्यक्षात विकल्या गेल्या, त्यांचेच आकडे वेगळे काढून बघायचे. तशी सोय तिथं असते. त्यातही आपल्यासारख्याच अवस्थेतली वस्तू शोधायची. आम्ही तीन रात्री हेच करत होतो. वहीत दोन रकाने, एकात नवस आणि एकात प्रसाद! दोहोंत इतकी तफावत की विचारू नका.

हेड्सवरून मात्र थोडं वाजलं. इंजिनाची दोन ओतीव हेड्स होती. काकांनी ती मशीन शॉपमध्ये तपासून आणायला लावली. लोखंडात चुंबकशक्ती खेळवतात, वरून लोखंडाची भुकटी टाकतात. डोळ्यांना न दिसणारा तडा असला तर भुकटी त्याच रेषेवर गोळा होते. एका हेडला तडा निघाला. पुतण्या म्हणाला, सांगायचं कशाला? घेणारा बघून घेईल. आजी एरवी मऊ, पण तेव्हा त्यांचा आवाज चढला. १९७० च्या मार्चमध्ये लायन्सला डॉन गार्लिट्स या नामवंत ड्रायव्हरच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्यांचा उजवा पाय निम्मा तुटला. त्याआधी ड्रायव्हर इंजिनाच्या मागं बसायचा. गार्लिट्स यांनी बरं झाल्यावर इंजिन मागं आणि माणूस पुढं अशी गाडी आणली आणि सगळ्या खेळाचीच रचना बदलली. आजी त्या दिवशी तिथं होत्या. "मी ते बघितलंय," एवढंच त्या म्हणाल्या आणि स्वतः पुठ्ठ्यावर लिहून हेडला दोरीनं बांधलं: तडा आहे. फक्त शोभेसाठी.

विक्री एका झटक्यात झाली नाही. पोमोनाच्या जत्रेच्या मैदानात वर्षातून काही रविवारी जुन्या गाड्यांच्या पार्टचा बाजार भरतो. याच मैदानात ड्रॅग रेसिंगचं म्युझियमही आहे, वॉली पार्क्स यांच्या नावाचं. आम्ही पहाटे अंधारात पोचलो तर लोक बॅटऱ्या घेऊन आधीच फिरत होते! आपल्या भाजी मंडईची आठवण झाली; चांगला माल उजाडण्याआधी जातो. ब्लोअर, हेड्स असल्या जड वस्तू आम्ही तिथंच काढल्या, कारण त्या पाठवायचा खर्चच डोईजड. हेड घेणाऱ्या गृहस्थानं पुठ्ठा वाचला, आजींकडे बघितलं आणि म्हणाला, "आणखी काय काय आहे तुमच्याकडे?" कॅमशाफ्ट त्यानंच नेला, फार न तपासता. एका पुठ्ठ्यानं तेवढं काम केलं.

चाकं आणि इंजेक्टर मात्र आजींनी थांबवून ठेवले. घाई नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक आपणहून येतं. लायन्सला पळालेली एक गाडी पुन्हा उभी करणारा माणूस शेवटी घरी आला. गोळ्यांच्या पाकिटासकट इंजेक्टर घ्यायला तो तयार होता, भावही चांगला होता, पण त्याला वही हवी होती. वही नसेल तर आकडा कमी. पुतण्यानं आजींकडे आशेनं बघितलं. बहीण म्हणाली, "द्या ना, आता तिचा काय उपयोग!" मीही बहुधा मान हलवली असेल.

आजींनी वही उघडली, त्या माणसाला त्या इंजेक्टरच्या सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या आणि बंद केली. "पानांच्या झेरॉक्स देते. प्रत्येकीवर सही करते, तारीख घालते. वही माझी आहे."

तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "सही करणारी तीच, लिहिणारीही तीच. मग झेरॉक्स चालेल." भाव थोडा उतरला, पण सौदा झाला. एकूण किती आले तो आकडा छापायला आजींची परवानगी नाही, पण तीन हजारांच्या पाचपटीहून जास्त, एवढं सांगते. चंदेरी अंगरखा विकला नाही. तो त्यांनी म्युझियमला विचारून बघायचं ठरवलंय. टाकी त्यांच्याकडेच आहे, माझ्या कर्तबगारीसकट. तिच्यात आता त्यांनी फुलं ठेवलीत.

मी दिवाळीच्या आधी परत आले. आल्या आल्या आईकडे गेले. ती ओसरीवर करंजीचं सारण निवडत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं केलं, "आई, बाबांच्या गॅरेजमध्ये काय काय होतं गं? आठवतंय?"

आईनं वर न बघता सुरुवात केली. "लॅम्ब्रेटाचे दोन गिअरबॉक्स. एक पूर्ण, एकाची चकती नव्हती. जावाची एक मरून टाकी, कोरी, कागदात गुंडाळलेली, म्हैसूरवरून मागवलेली, गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही. जावाच्या सायलेन्सरच्या दोन जोड्या. स्पीडोमीटर सात..."

जावा म्हैसूरच्या कारखान्यात १९६० च्या सुमाराला सुरू झाली, येझदी त्यानंतर तिथंच निघाली, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आज आपल्याकडेही हौशी लोक त्या गाड्या पुन्हा उभ्या करतात आणि कोरी टाकी म्हटली की पुण्याहून गाडी काढून येतात. भारतात बनलेल्या जुन्या लॅम्ब्रेटा तर थेट इंग्लंडला जातात. हे मला २००४ मध्ये माहीत नव्हतं. भावालाही नव्हतं.

"तुला हे सगळं कसं पाठ?"

"बिलं कोण लिहायचं? तुझ्या बाबांचं अक्षर कुणाला लागत होतं?" आई म्हणाली. "ती टाकी काट्यावर ठेवली तेव्हा मी खिडकीतून बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

भाऊबीजेला भाऊ आला. त्याला माळ्यावर चढवून आईची बिलबुकं खाली काढली. अकरा निघाली, दोन उंदरांनी खाल्लेली. त्यांच्या मागं एक खोकं होतं, ते २००४ मध्ये कुणाच्या नजरेस पडलं नव्हतं. आत लॅम्ब्रेटाचा एक कार्ब्युरेटर आणि त्याचे बारीक पितळी जेट, काजळाच्या डबीत ठेवलेले. भावानं लगेच फोनवर भाव बघायला सुरुवात केली. मी त्याला नवस आणि प्रसादाचे रकाने समजावून सांगितले. आईनं डबी बंद केली आणि हा विकायचा नाही म्हणाली. का, ते मी या वेळी विचारलं. तिनं सांगितलंही. पण ते छापायला तिची परवानगी नाही.